हातापायांचा गारठा आणि घरचे मलम

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या संमेलनात ‘घरगुती आरोग्य’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिक होऊन, अध्यापनाचे शिक्षण घेऊन प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा माणसाने आरोग्यावर काय बोलावे? परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, तुमच्या घरी थंडीत मलम करतात ना? त्याचेच सांगा. पुष्कळ भगिनी विचारतात.” ही आज्ञा मात्र मला मोडवेना. शिवाय त्या मलमाशी आमच्या घरातील एक दुःखद प्रसंग निगडित आहे. तो सांगितल्याखेरीज नुसती कृती सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. म्हणून कृती आणि प्रसंग हे दोन्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपण जातीने तेली. ‘तेल’ हा शब्दच मुळी ‘तिळा’पासून आला आहे. तिळाचे जे निघते ते तैल, आणि पुढे सर्वच स्निग्ध द्रवांना तेच नाव मिळाले. तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज आपल्याच ज्ञातीचे. त्यांची जयंती आपण ८ डिसेंबरला साजरी करतो, आणि नेमका तोच काळ थंडी अंगात शिरण्याचा असतो. तेव्हा संमेलनाच्या या दिवसांत तेलाविषयी आणि थंडीविषयी बोलणे हे एका अर्थी आपल्या कुळाचाराला धरूनच आहे.

आमचे मूळ गाव निफाड तालुक्यातले. तेथील थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिचे वर्णन सांगावयास नको. एखाद्या पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि द्राक्षबागाईतदार मंडळी रात्र रात्र जागून बागांत शेकोट्या पेटवितात. माझ्या लहानपणी आमच्या ओसरीलगत लाकडी घाणा होता. १९७२ च्या दुष्काळात बैल विकावा लागला आणि घाणा थांबला तो कायमचाच. परंतु त्याआधीची काही वर्षे मला स्वच्छ आठवतात. घाण्याची लाट फिरताना होणारा करकर आवाज, ताज्या पेंडीचा वास, आणि दिवाळी सरल्यावर एखाद्या दुपारी आजीने चुलीपाशी मांडलेला मलमाचा पसारा. आजीच्या हातापायांना थंडीचा फार त्रास. पहाटे शेण काढून आली म्हणजे तिची बोटे काष्ठवत होत. ती रात्री पायांना मलम चोळी, आणि आम्हा नातवंडांपैकी एकाला काशाची वाटी देऊन तळपाय घासावयास बसवी. त्या कामाबद्दल गुळाचा खडा मिळे.

आता हातपाय गार का पडतात, हे प्रथम पाहू. आपल्या शरीरातील ऊब रक्ताबरोबर फिरत असते. बाहेर थंडी पडली की हृदय, फुप्फुसे, मेंदू या मुख्य अवयवांची ऊब टिकविण्यासाठी शरीर हातापायांच्या कातडीतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. गावात पाणी कमी पडले की आधी वेशीबाहेरच्या वस्तीचे पाणी तोडतात, तसाच हा प्रकार आहे. बोटे ही शरीराची शेवटची वस्ती, म्हणून तेथे रक्त कमी पोचते आणि ती गार पडतात. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. हात गार पडले म्हणजे केवळ हातांकडे पाहून चालत नाही. डोक्याला टोपी किंवा मफलर, अंगात बंडी किंवा स्वेटर, आणि पोटात गरम काहीतरी, एवढे केले तर मधल्या शरीराला ऊब मिळते आणि बोटांकडे रक्त आपोआप सोडले जाते. आजी मलम लावण्याआधी आम्हाला घोंगडीत गुंडाळून बसवी, त्याचे मर्म मला फार उशिरा कळले.

आता मलमाची कृती सांगतो. आजीची मापे तोळ्याची आणि पावशेराची होती. ती मी आजच्या मापांत बसविली आहेत.

साहित्य येणेप्रमाणे: घाण्याचे तिळाचे तेल पाव लिटर, सुंठ २५ ग्रॅम, ओवा १२ ग्रॅम, काळी मिरी ६ ग्रॅम, मधमाशांच्या पोळ्याचे पिवळे मेण सुमारे ४० ग्रॅम, आणि भीमसेनी कापूर ५ ग्रॅम. आजी यात दोन सुक्या लाल मिरच्याही बिया काढून टाकी. त्यांच्याविषयी पुढे बोलेन.

तेल तिळाचेच का, असे कोणी विचारील. तिळाच्या तेलात स्वभावतःच असे काही घटक असतात की ज्यांमुळे ते इतर पुष्कळ तेलांच्या मानाने लवकर खवट होत नाही. जे मलम हिवाळाभर पुरवावयाचे, त्याला हा गुण महत्त्वाचा. मेण घेताना ते खरोखर मधमाशांचे आहे याची खात्री करावी. मेणबत्तीचे मेण हे खनिज तेलापासून काढलेले असते, ते येथे उपयोगाचे नाही. खादी ग्रामोद्योगाच्या दुकानांत किंवा महाबळेश्वरकडील मध उत्पादकांकडे चांगले मेण मिळते. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, हे आपणांपैकी काहींनी वाचले असेल.

कृतीला प्रारंभ करण्यापूर्वी पातेली, पळी, बरण्या हे सर्व धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे. पाण्याचा अंश राहिला की मलमाला बुरशी येते, ही या कामातील पहिली चूक. सुंठ, ओवा आणि मिरी खलबत्त्यात जाडसर कुटावीत. वस्त्रगाळ करू नयेत, नाहीतर पुढे तेल गाळताना भुकटी उतरते आणि मलम हाताला खरखरीत लागते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात लहान पातेले ठेवावे, आणि लहान पातेल्यात तेल व कुटलेली द्रव्ये घालावीत. अशा रीतीने मंद आचेवर दोन तास तेल तापू द्यावे आणि मधून मधून ढवळावे. बाहेरच्या पातेल्यातील पाणी आटू देऊ नये आणि त्याचा थेंबही तेलात उडू देऊ नये. थेट विस्तवावर तेल तापविल्यास सुंठ करपते, ओव्याचा सुगंधी अंश उडून जातो आणि मलमाला जळका वास येतो. ही दुसरी चूक, आणि घाई करणाऱ्याकडून ती हमखास होते.

दोन तासांनी पातेले उतरवून, झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी तेल पुन्हा किंचित कोमट करून स्वच्छ, कोरड्या मलमलीच्या फडक्यातून गाळावे आणि फडके पिळून घ्यावे. तेलात ओलावा राहिला आहे की काय, हे पाहण्याची जुनी परीक्षा अशी की, कापसाची वात त्या तेलात भिजवून पेटवावी. वात तडतडली तर पाणी आहे असे समजावे आणि तेल पुन्हा थोडा वेळ तापवावे. वात शांतपणे जळली तर तेल सिद्ध झाले.

गाळल्यानंतर तेल पाव लिटराहून कमी भरते, कारण सुंठ व ओवा काही तेल पिऊन टाकतात. म्हणून मेण घालण्यापूर्वी तेलाचे वजन करावे आणि त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके मेण घ्यावे. मेण किसून तेलात टाकावे आणि पातेले पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवावे. मधमाशांचे मेण ६२ ते ६५ अंशांच्या सुमारास वितळते, त्यामुळे फार वेळ लागत नाही. मेण पूर्ण विरघळले म्हणजे थंड ताटलीवर एक थेंब टाकून पाहावा. थेंब गोठून बोटाने सहज पसरला तर मलम योग्य झाले. फारच घट्ट झाला तर थोडे तेल, आणि पातळ राहिला तर थोडे मेण वाढवावे.

यानंतर पातेले चुलीपासून दूर न्यावे आणि मगच कापराची पूड घालावी. कापूर हा चटकन पेट घेणारा पदार्थ आहे. पेटत्या शेगडीजवळ तो तेलात टाकू नये. आरतीचा साधा कापूर न घेता औषधी उपयोगाचा भीमसेनी कापूरच घ्यावा. तो विरघळेपर्यंत ढवळून मलम रुंद तोंडाच्या बरण्यांत ओतावे, आणि पूर्ण थंड होईपर्यंत झाकण लावू नये. गरम असता झाकण लावले तर वाफेचे पाणी आत साठते. बरणीवर तारीख आणि घातलेल्या जिनसा लिहिलेला कागद चिकटवावा. हिवाळा सरला आणि मलमाला खवट वास येऊ लागला तर मोह न धरता ते टाकून द्यावे.

आपल्या आयुर्वेदात मेण आणि तेल यांच्या अशा मिश्रणाला ‘सिक्थतैल’ म्हणतात. पायांना तेल चोळण्याची महतीही जुनी आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगाचा उपदेश करताना डोके, कान आणि पाय या तीन ठिकाणी तेल विशेषत्वाने लावण्यास सांगितले आहे. तेव्हा आजीने काही नवे शोधून काढले नव्हते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गोष्ट तिने आपल्या घाण्याच्या तेलात केली, इतकेच.

आता लावण्याची रीत. निजण्यापूर्वी पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाणी किती ऊन आहे हे पायाने नव्हे तर कोपराने पाहावे. याचे कारण पुढे कळेल. पाय नीट पुसावेत, बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नये. सुपारीएवढे मलम तळहातावर घेऊन ते विरघळेपर्यंत चोळावे, मग पायाच्या बोटांपासून टाचेकडे आणि घोट्याकडे असे पाच ते दहा मिनिटे मर्दन करावे. बेचक्यांत मलम भरू नये, तेथे तेलकट ओल राहिली तर चिखल्या होतात. नंतर सुती मोजे घालावेत आणि फारच थंडी असेल तर त्यांवर लोकरीचे. मोजे घातल्यावाचून गुळगुळीत फरशीवर चालू नये. तेलकट पायाने वृद्ध माणूस घसरला तर ऊब राहते बाजूला आणि खुब्याचे हाड मोडते.

प्रथमच लावणाऱ्याने कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस थांबावे, आणि खाज किंवा लाली आली तर ते वापरू नये. भेगांतून रक्त येत असेल, जखम असेल, तर तेथे हे मलम लावू नये. नुसत्या भेगांना कोकमाचे तेल, ज्याला कोकणात भिंडेल म्हणतात, ते अधिक चांगले. तीन वर्षांखालील मुलांना हे मलम मुळीच लावू नये आणि बरणी त्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात, प्रसंगी जिवावर बेतते. गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते वापरू नये.

आता मिरचीचे सांगतो. मिरची लावली की कातडी तापल्यासारखी वाटते, हा आपणा सर्वांचा अनुभव. परंतु तेथे उष्णता नसता उष्णता वाटते कशी, या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना १९९७ मध्ये सापडले. अमेरिकेतील डेव्हिड ज्यूलिअस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह असे दाखविले की, कातडीतील मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी सूक्ष्म द्वारे असतात. सुमारे ४३ अंशांवरील उष्णता लागली की ती उघडतात आणि मेंदूला ‘भाजते आहे’ असा निरोप जातो. मिरचीतील कॅप्सेसिन हा पदार्थ नेमके तेच द्वार उघडतो. या शोधाबद्दल ज्यूलिअस यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्यासमवेत मिळाले. सुंठ आणि मिरी यांचे तिखटपणही याच जातीचे, मात्र सौम्य. 

तात्पर्य, मलमाने जी ऊब वाटते ती सगळीच खरी ऊब नव्हे. चोळण्याने कातडीतील रक्त थोडे वाढते, तेल आणि मेण कातडीतील ओलावा धरून ठेवतात, मोज्यांनी शरीराची ऊब राखली जाते. हा भाग खरा. परंतु तिखट द्रव्यांची जी ‘ऊब’, ती पुष्कळ अंशी मज्जातंतूंची समजूत असते. पायात रक्तच पोचत नसेल तर कोणतेही मलम ते पोचवू शकत नाही. मिरच्या मी आता घालत नाही. हाताला लावावयाच्या मलमात तर त्या कधीच घालू नयेत, कारण तोच हात डोळ्याला लागतो.

मंडळी, आता मी त्या प्रसंगाकडे येतो. हे सांगताना मला आजही लाज वाटते. परंतु माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, ते आज समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि “सांग, स्पष्ट सांग, कोणाचा तरी पाय वाचेल” असे त्यांनीच मला बजावले आहे.

२०१४ सालचा हिवाळा. दादांना मधुमेह होऊन दहा वर्षे झाली होती. विडीची सवय त्याहून जुनी. डिसेंबरात ते म्हणू लागले, “उजवा पाय फार गार पडतो रे.” मी म्हणालो, “थंडीच तशी आहे. आजीचे मलम आहे की!” आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मलम चोळू लागलो. त्या वेळी मिरच्या घालीत असे. “चरचरते का?” असे मी विचारी. ते म्हणत, “नाही, काही वाटत नाही.” ते ऐकून मी पुढच्या खेपेस मिरच्या वाढविल्या. बाजारात जाताना त्यांची पोटरी दुखे, थोडे थांबले की बरे वाटे. ते वयाचे दुखणे, असे आम्ही दोघांनीही ठरवून टाकले. वहिनी एकदा म्हणाल्या, “भावजी, डावा पाय ऊन आहे आणि उजवाच गार कसा?” मी त्यांनाच समजावले की, थंडी कोणत्या बाजूने लागेल याचा काही नेम नसतो. मी इतकी वर्षे मुलांना ‘प्रश्न विचारा’ असे शिकविले, आणि घरच्या माणसाने विचारलेला नेमका प्रश्न मी हसण्यावारी नेला.

जानेवारीत एका रात्री मलम चोळून वर गरम पाण्याची पिशवी ठेवली. दादांना ती किती गरम आहे हे कळलेच नाही. सकाळी अंगठ्यापाशी मोठा फोड होता. फोडाची जखम झाली, जखम भरेना, आणि आठ-दहा दिवसांत अंगठा काळा पडला. तेव्हा कोठे आम्ही नाशिकला गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: “दोन्ही पाय गार पडतात की एकच?” त्यांनी दोन्ही पावलांवरची नाडी पाहिली. उजवीकडे ती लागत नव्हती. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून ताडून पाहिला. पायाकडे रक्त नेणारी वाहिनी बव्हंशी बंद झाली होती. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, विडीने रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, आणि आम्ही वरून मलम चोळीत बसलो होतो. फेब्रुवारीत दादांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

डॉक्टर मला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले की, डिसेंबरात आला असता तर बहुधा वाहिनी मोकळी करण्याचा प्रयत्न करता आला असता. ते वाक्य मी विसरलेलो नाही. दादांनी त्याच दिवशी विडी सोडली. कृत्रिम पाय लावून ते आज दुकानात बसतात, संमेलनाला येतात. परंतु जो पाय गेला तो गेला.

त्यानंतर मी या विषयावर डॉक्टरांना पुष्कळ विचारले. जे कळले ते आपणांस सांगतो, कारण कृतीहून ते अधिक मोलाचे आहे.

थंडीने दोन्ही हात किंवा दोन्ही पाय सारखेच गार पडतात आणि अंगाला ऊब मिळाली की पूर्ववत होतात, तोवर फारशी चिंता नाही. तेथे आपले मलम, मोजे, चोळणे हे पुरेसे. परंतु पुढील लक्षणे दिसली तर मलमाची बरणी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. एकच पाय गार पडत असेल. चालताना पोटरी दुखत असेल आणि थांबल्यावर राहत असेल. पायाची लहानशी जखम दोन आठवड्यांत भरत नसेल. पायाला बधिरपणा किंवा मुंग्या असतील. थंडीत बोटे पांढरीफटक, मग निळी, मग लाल होत असतील. हा शेवटचा प्रकार मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्ये प्रथम नीट वर्णन केला, आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. बहुतेकांना तो सौम्यच असतो, परंतु कधी कधी त्यामागे दुसरा आजार दडलेला असतो. आणि पाय अकस्मात गार, फिकट होऊन असह्य दुखू लागला तर एक तासही दवडू नये. तो पाय चोळूही नये, शेकूही नये, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

भगिनींना एक वेगळी सूचना. वर्षभर हातपाय गार राहत असतील, थकवा येत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची उणीव आढळली. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम मंद झाले तरी अंग गार राहते. माझ्या पत्नीच्या बाबतीत हेच निघाले. रोजच्या एका गोळीने तिची वर्षानुवर्षांची थंडी गेली. जी थंडी मी तिचा स्वभाव समजत होतो ती आजार होती. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात, म्हणून डॉक्टरांना ती गोष्ट सांगावी, मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

मधुमेही माणसाने मिरचीचे किंवा कोणतेही तिखट मलम पायाला लावू नये आणि गरम पाण्याची पिशवीही ठेवू नये. तिखट मलमावर शेक घेणे तर कोणीच करू नये. पाण्याचा ऊनपणा कोपराने पाहावा असे मी म्हणालो ते याचसाठी. ज्याच्या पायाची संवेदना गेली त्याला भाजलेले कळत नाही. तसेच, थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजण्याची चाल काही घरांत आहे. त्या कोळशातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणसे दगावतात. आणि विडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी यांतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. एका हाताने विडी ओढावयाची आणि दुसऱ्या हाताने मलम चोळावयाचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

कोणी म्हणेल, मग गुरुजी, मलम टाकूनच द्यावे काय? मुळीच नाही. आमच्या घरी आजही दिवाळीनंतर मलम होते. सूनबाई ते करते आणि माझी नात ओवा कुटावयास बसते. मलम वाईट नव्हते. आजीने ते जपून वापरले, मी आंधळेपणाने वापरले. आजी मलम लावताना पाय दिव्याजवळ नेऊन निरखून पाही, भेग कोठे, काटा कोठे, सूज कोठे, हे तिला प्रत्येकाचे ठाऊक असे. मी मलम घेतले आणि ते निरखणे मात्र सोडले.

म्हणून शेवटी एकच विनंती करतो. आपल्या घरांत सणावारी लहान मंडळी वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. पुढच्या वेळी पाया पडताना क्षणभर थांबून ते पाय पाहावेत. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलांना स्पर्श करून एक दुसऱ्याहून गार आहे काय, हे पाहावे. तळव्याला जखम आहे काय, बोटांचा रंग बदलला आहे काय, हे पाहावे. आठवड्यातून एकदा मलम लावण्याच्या निमित्ताने मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी एवढे केले तर त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. आणि घरातील कोणी “एकच पाय गार कसा?” असे विचारले, तर कृपा करून त्याचे उत्तर माझ्यासारखे देऊ नका. त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा.